कप आणलाय, पण हात धजावत नाही

निफाड तालुक्यातून एक पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून ते गाळून पत्र थोडक्यात देते.

‘डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ३३. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, ऑपरेशन झालेलं आहे. आम्ही आठ-दहा बायका मिळून द्राक्षबागांची कामं घेतो, छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), सगळं. सकाळी सातला घर सोडलं की परतायला सहा वाजतात. बागेत संडास नसतो. पाळीत पॅड बदलायला आडोसा नाही आणि बदललं तरी टाकायचं कुठे? मागच्या हंगामात बांधावर कुणाचं तरी पॅड सापडलं आणि मालकानं सगळ्यांदेखत आम्हाला नको नको ते सुनावलं. एकच पॅड दिवसभर ठेवून मांड्या सोलवटून निघतात. बचत गटातल्या मैत्रिणीनं पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) मागवून दिला, पॅडऐवजी आत घालायचा, रक्त साठवणारा. पाळी नसताना एकदा घालून बघितला. घालताना दुखलं, काढताना निघेना, घाम फुटला. तेव्हापासून पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली पडलाय. खरं सांगू? दुखण्याचं मला एवढं नाही, मला किळस येते. स्वतःचं रक्त बोटाला लागलं तरी मळमळतं. आमच्याकडे अजून चार दिवस बाजूला बसतात, सासूबाई चुलीला शिवू देत नाहीत, मग तो कप उकळायचा कशात? मुलगी बारा वर्षांची आहे, तिला काय सांगू? आणि दुसऱ्या दिवशी इतकं अंगावरून जातं की शेजारीण म्हणते, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.’

ताई,

तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण मी किळसेपासून सुरू करते. ‘खरं सांगू?’ म्हणून तुम्ही जे लिहिलंत ते लिहायला धीर लागतो. कपाचं तंत्र शिकता येतं. अडतं ते इथंच.

माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या बायकांमध्ये एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघते आहे. गाय व्यायला लागली की जार पडेपर्यंत रात्रभर गोठ्यात बसणारी, ओलं वासरू स्वतःच्या हातांनी चोळून कोरडं करणारी बाई. लेकरांची शी-शू काढलेली, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं केलेली बाई. तिलाच पाळीबद्दल विचारलं, रंग कसा असतो, गाठी पडतात का, की ती मान वळवते. ‘मी बघतच नाही, तसंच गुंडाळून टाकते.’ रक्ताचीच किळस असती तर ती गोठ्यातही आली असती. ही किळस आपल्याला शिकवलेली आहे.

शिकवणी सुरू होते अकराव्या-बाराव्या वर्षी. पाळीच्या कापडाची घडी उघड्यावर वाळत घालू नकोस, परकराखाली घाल. लोणच्याला हात लावू नकोस. देवघराकडे फिरकू नकोस. बाप-भाऊ घरात असतील तर तोंडातून शब्द काढू नकोस. ‘तुझं रक्त घाण आहे’ असं कुणी समोर बसवून सांगितलं नसेल, पण दर महिन्याला चार दिवस, वीस वर्षं हेच बघितल्यावर बोटाला रक्त लागलं की पोटात ढवळणारच. तुम्ही भित्र्या नाही आणि नाजूकही नाही. आणि जे शिकवलं गेलंय ते सुटूही शकतं.

त्या रक्तात असतं काय, ते एकदा नीट समजून घ्या. दर महिन्याला गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला तर तो त्यात रुजतो. नाही राहिला तर ते अस्तर सुटतं आणि थोडं रक्त, थोडा स्राव यांच्याबरोबर बाहेर येतं. रक्त तुमच्या दंडातून तपासणीला घेतात तेच. शरीरातलं ‘खराब’ रक्त दर महिन्याला बाहेर पडतं, ही समजूत चुकीची आहे. चार-पाच दिवसांत मिळून सरासरी ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे पोह्याचे दोन-तीन चमचे. पॅडवर पसरतं म्हणून ते खूप दिसतं. वास येतो तो हवा लागल्यामुळे, त्यात घाम आणि जंतू मिसळल्यामुळे. कप रिकामा करताना बायका मला हमखास सांगतात, ‘बाई, वासच नाही हो.’ तुम्हालाही हे जाणवेल.

पण नुसत्या समजुतीनं किळस जात नाही, हेही खरं. ती हातांनी जाते. म्हणून तुम्हाला एक क्रम सांगते, घाई अजिबात नको.

आधी पाळी नसतानाच पेटीतून कप काढा. साबणानं धुवा. दोन दिवस नुसता हाताळा. दाबा, दुमडा, सोडा. तांब्याभर पाण्यात दुमडलेला कप बुडवून सोडून बघा, तो फटकन कसा उघडतो ते दिसेल. आत गेल्यावर तो हेच करतो. पुढच्या पाळीत कप वापरायचा नाही. त्या पाळीत पॅड किंवा घडी बदलताना मान वळवायची नाही, बघायचं. रंग बघा, गाठ आहे का बघा. पहिल्या दिवशी तांबडं, शेवटी तपकिरी, कधी काळपट, हे सगळं नेहमीचं आहे. मळमळलं तर थांबा, एक दीर्घ श्वास घ्या, हात धुवा, झालं. पुढच्या वेळी घडी स्वतःच्या हातानं थंड पाण्यात पिळा आणि पाण्याचा रंग उतरत जाताना बघा. दोन पाळ्या अशा काढल्या की बोटाला लागलेलं रक्त साबणानं निघून जातं एवढंच त्याचं महत्त्व उरतं. मी हे अनेकींबरोबर केलेलं आहे.

आता दुसरी भीती, तुमच्या पत्रात न लिहिलेली. काढताना कप निघेना तेव्हा तुम्हाला घाम का फुटला, हे मी ओळखू शकते. तो वर पोटात गेला, आता हरवला, आता दवाखान्यात जावं लागणार, असंच वाटलं ना? ताई, तो हरवू शकत नाही. आपल्याकडे बायकांना स्वतःच्या शरीराचा हा भाग कुणी समजावून सांगितलेलाच नसतो. पुढे लघवीचं छिद्र, मध्ये योनिमार्ग, मागे शौचाची जागा, अशा तीन वेगळ्या वाटा आहेत. त्यामुळे कप आत असताना लघवीला जाता येतं, त्याला हात लावावा लागत नाही. योनिमार्ग साधारण बोटाच्या लांबीचा असतो आणि वरच्या टोकाला बंद असतो. तिथे गर्भाशयाचं तोंड असतं, बोटाला ते नाकाच्या शेंड्यासारखं लागतं. बाळंतपण सोडलं तर ते तोंड इतकं बारीक असतं की त्यातून कप जाणं शक्यच नाही. म्हणजे कप जिथे ठेवला तिथेच राहणार, फार तर थोडा वर सरकेल.

मग तो निघाला का नाही? कारण तुम्ही देठ धरून ओढलात. कप आत उघडला की योनिमार्गाच्या भिंतींना हवाबंद चिकटून बसतो, म्हणून तर तो गळत नाही. देठ ओढला की ती पकड आणखी घट्ट होते. वर घाबरल्यावर तिथले स्नायू आवळले जातात. घालताना दुखलं त्याचीही कारणं आहेत. पाळी नसताना घातलात, तेव्हा आत ओलावा कमी असतो. आणि बहुतेक जणी कप सरळ वर घालायला जातात. योनिमार्ग सरळ वर जात नाही, तो मागे, माकडहाडाच्या दिशेनं तिरपा असतो. ही एक गोष्ट कळली की निम्मं दुखणं संपतं.

कप घालायची पहिली वेळ कामाच्या दिवशी ठेवू नका. सुट्टीचा दिवस बघा, घरात गर्दी नसेल अशी वेळ आणि पाळीचा दुसरा-तिसरा दिवस, म्हणजे ओलावा असतो. नखं कापलेली हवीत. हात साबणानं कोपरापर्यंत धुवा. मोरीत उकिडव्या बसा. भाकरी थापायला, धुणं धुवायला आपण आयुष्यभर उकिडव्याच बसतो, आणि कपासाठी हीच बैठक सगळ्यात सोयीची. कप पाण्यानं ओला करा. त्याची एका बाजूची कड आत, बुडाच्या दिशेनं दाबली की वरचं टोक निमुळतं होतं. तसा दाबून धरा. दुसऱ्या हातानं बाहेरच्या पाकळ्या थोड्या बाजूला करा, श्वास सोडा आणि श्वास सोडत असतानाच कप मागच्या दिशेनं आत सरकवा. अर्धा गेला की बोटं सोडा, तो उघडेल. मग बुडाला धरून थोडा फिरवा. बोट कपाभोवती फिरवून बघा, कुठे दुमड राहिलेली नाही ना. देठ बाहेर लोंबता कामा नये. टोचत असेल तर कप काढून देठ थोडा कापून टाकला तरी चालतो. नीट बसला तर चालताना, वाकताना तो आहे हे जाणवतही नाही. जाणवत असेल तर तो पुरता उघडलेला नाही किंवा खाली राहिलाय, काढून पुन्हा घाला.

एका दमात जमलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या. तीनदा खटाटोप करून अंग सुजवून घेण्यात अर्थ नाही. कोरडं वाटत असेल तर औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती कडेला थोडी लावा. तेल, व्हॅसलीन नको.

काढायचंही तिथेच, उकिडव्या बसून. आधी थोडा वेळ नुसत्या बसा. खाली हलका जोर दिला की कप आपसूक खाली येतो. हलकाच द्या, कुंथायचं नाही. जोर लावून कुंथणं आणि कप तसाच खेचणं याची सवय लागली तर आतल्या स्नायूंवर ताण येतो आणि अंग (गर्भाशय) खाली उतरण्याचा त्रास असेल तर तो वाढू शकतो. देठ ही फक्त वाट दाखवणारी दोरी आहे. तिच्यावरून बोटं वर न्या, कपाचं बूड अंगठा आणि तर्जनीत धरा आणि चिमटा घ्या. बारीकसा आवाज येईल किंवा पकड सैल झालेली जाणवेल. हवा आत गेली. आता कप थोडा तिरका करत एक कड आधी, मग दुसरी, अशी हळूहळू बाहेर काढा. मोरीत ओता, पाणी घाला. धुवून परत घाला. कपाच्या कडेला बारीक भोकं असतात, ती पाण्याखाली दाबून मोकळी करा.

थोडं सांडेल. हाताला लागेल. पहिल्या दोन-तीन वेळा मोरीत जास्त रक्त पडल्यागत वाटेल, ते पाण्यात मिसळल्यामुळे. त्या क्षणी तुम्हाला जुनी मळमळ परत आली तर गडबडून जाऊ नका. हात धुवा, पुढचं करा.

एकदा बसलं की बागेतल्या दिवसाचं गणित बदलतं. कप सलग १२ तासांपर्यंत ठेवता येतो, त्याहून जास्त नाही. तुम्ही सातला निघता, सहाला येता. म्हणजे सकाळी आंघोळीच्या वेळी घालायचा आणि संध्याकाळी घरच्या मोरीत काढायचा. बागेत बदलायचं नाही, टाकायचं नाही, बांधावर काही सापडायचं नाही. मोठ्या मापाच्या कपात २५ ते ३० मिली मावतं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला बहुधा मोठं मापच लागतं, मैत्रिणीनं कोणतं मागवलंय ते डबीवर बघा. पहिले दोन-तीन महिने कप असला तरी खाली घडी ठेवा, मनाला आधार राहतो. तुमच्या दुसऱ्या दिवशी तर ठेवाच.

दुपारी बागेतच रिकामा करायची वेळ आली तर एका गोष्टीत तडजोड करू नका. छाटणीनंतर काड्यांना लावायची पेस्ट, डिपिंगचं जीएचं (मणी फुगवायच्या औषधाचं) पाणी, फवारलेल्या वेलींवरचं औषध, हे सगळं तुमच्या हातांवर असतं. मालकाकडून हातमोजे मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि मोजे घातलेले असोत-नसोत, त्या हातांनी कपाला काय, लघवीच्या जागेलाही हात लावू नका. साबणाची वडी आणि पाण्याची वेगळी बाटली पिशवीत ठेवा. ठिबकच्या नळीचं किंवा शेततळ्याचं पाणी यासाठी वापरू नका, त्यात खतं-औषधं मिसळलेली असू शकतात. हात धुवायला साबण-पाणी नसेल तर कप तसाच राहू द्या, खाली घडी आहेच.

उकळण्याचा प्रश्न तुम्ही विचारलात तो फार चांगला. कप रोज उकळावा लागत नाही. पाळी यायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा, बस्स. म्हणजे ज्या दिवसांत तुम्हाला चुलीला शिवू देत नाहीत त्या दिवसांत उकळायची गरजच पडत नाही. एक जुनं छोटं पातेलं त्याच कामाला बाजूला काढा आणि मागच्या अंगणात आंघोळीचं पाणी तापवता त्या चुलीवर ठेवा. पाण्याला खळखळून उकळी आली की पाच ते दहा मिनिटं, आणि कप बुडापाशी चिकटून करपत नाही ना यावर लक्ष ठेवायचं. पूर्ण वाळवून सुती पिशवीत ठेवा, हवाबंद डबीत नको. मधल्या दिवसांत साधं पाणी आणि सौम्य, बिनवासाचा साबण पुरतो. डेटॉल, फिनाइल, लिंबू, हळद यातलं काही नको. आतल्या भागाला पाणीसुद्धा मारायची गरज नसते, ती जागा स्वतःला स्वच्छ ठेवते.

चार दिवस बाजूला बसवण्याला माझा विरोध आहे, आणि तो मी इथं लपवत नाही. पण सासूबाईंशी ती लढाई कपावरून सुरू करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती कधी आणि कशी करायची ते तुमच्या घरात तुम्हाला जास्त कळतं. कप कुणाची परवानगी मागत नाही. एक मात्र करून बघा. सासूबाईंना विचारा, त्यांच्या वेळी त्या शेतात काय करायच्या. माझ्या दवाखान्यात साठीच्या बायका हे सांगायला लागल्या की थांबत नाहीत. घडी ओली व्हायची, कडेनं वाळून टणक व्हायची, मांड्या रक्तबंबाळ व्हायच्या आणि तसंच डोक्यावर पाट्या वाहायच्या. ज्या बाईनं हे सोसलंय ती तुम्हाला वाटते तितकी विरोधात नसते.

‘हे शहरातल्या पोरींचं फॅड’ असं कुणी म्हणालं तर सांगा, कपाचं पेटंट लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकन बाईनं १९३७ सालीच घेतलं होतं. केरळात कोचीजवळ कुंबळंगी म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, तिथं हजारो कप वाटले गेले, वापरायला शिकवलं गेलं आणि २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं सॅनिटरी पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झालं. आपल्याकडे अजून फार थोड्या जणी वापरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या मुलींना विचारलं तेव्हा १०० मध्ये एकीनेही कपाचं नाव घेतलं नव्हतं, प्रमाण ०.३ टक्के होतं. कप कितपत चालतो म्हणाल तर २०१९ मध्ये लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात ४३ अभ्यास एकत्र तपासले गेले. गळती पॅडइतकीच किंवा कमी, आणि सराव व्हायला काही महिने लागतात, असं त्यातून दिसलं. त्यामुळे पहिल्या वेळी जमलं नाही म्हणून पेटीत टाकू नका, बहुतेकींना पहिल्या वेळी जमत नाही.

कप कुणी वापरू नये तेही सांगते. जळजळ, खाज, दुर्गंधी येणारं पांढरं जात असेल तर आधी उपचार. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. अंग खाली उतरलं असेल तर तपासून मगच. तुमचं ऑपरेशन झालंय त्याचा कपाशी काही संबंध नाही, पण तुमच्या टोळीतल्या कुणी तांबी बसवलेली असेल तर तिला सांगा की आधी डॉक्टरांना विचार. चिमटा न घेता कप ओढला तर तांबी निसटू शकते. आणि कप आत असताना अचानक मोठा ताप, उलट्या, चक्कर, अंगावर उन्हानं भाजल्यागत लाली, असं झालं तर कप लगेच काढून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हा जंतूंच्या विषामुळे होणारा आजार अत्यंत विरळा आहे, पण थांबण्यातला नाही.

हे सगळं करूनही कप नकोसा वाटला तर वापरू नका. सुती घडीसुद्धा चांगलीच आहे, फक्त ती साबणानं धुवून कडक उन्हात, उघड्यावर वाळवायची. अंधारात, परकराखाली ओलसर राहिलेली घडी जंतू घेऊन येते. लाजेपोटी आपण कित्येक पिढ्या हा त्रास ओढवून घेतलाय. मला तुमच्याकडून कपापेक्षा हे जास्त हवंय, की घडी दोरीवर उन्हात दिसावी.

मुलीला आत्ताच सांगा, पाळी येण्याआधी. अचानक रक्त दिसून पोर घाबरली असं व्हायला नको. शेजारी बसवा, चहा पिता पिता सांगा, कशामुळे येतं, किती दिवस असतं, काय वापरायचं. आवाज खाली आणायचा नाही. तिच्यासमोर तुमचं पॅड किंवा घडी लपवू नका. कप तिला इतक्यात द्यायची घाई नको, पण तिनं विचारलं तर खोटंही सांगू नका. लहान मापाचे कप अविवाहित मुलीही वापरतात. ‘पडदा फाटतो, लग्नाला अडचण येते’ हे बोलणं तिच्या कानावर येईलच. तो पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, सायकल चालवताना, खेळतानाही ताणला जातो, आणि त्यावरून कुणाचं काही सिद्ध होत नाही. बलात्काराच्या तपासात दोन बोटांनी ‘तपासायची’ जी पद्धत होती तिला वैज्ञानिक आधार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आता शेजारणीचा सल्ला. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण पत्रातल्या याच ओळीनं मला काळजी वाटली. पाळीची कटकट नको म्हणून पिशवी काढायची नसते. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणी तुमच्याच वयाच्या. उसाच्या फडातही संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही, खाडा केला तर पैसे कापतात. तुमच्या बागेतलीच अडचण. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले तरी ती लवकर येऊ शकते. कंबर धरून बसलेल्या पस्तिशीच्या बायका मी बघते. त्यांना तेव्हा कुणी दुसरा उपाय सांगितलेला नसतो.

पण ‘खूप जातं’ हे तुमचं म्हणणं मी सोडून देणार नाही. २०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्त कमी असल्याचं आढळलं. त्यात अंगावरून जास्त जाणारी बाई दमलेली असते आणि तिला वाटतं, कामानंच दमतेय. पॅडवरून किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. कपावरून येतं. बऱ्याच कपांवर मिलीच्या रेघा असतात. ओतायच्या आधी बघायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला आकडा टाकायचा. पाच दिवसांची बेरीज ८० च्या वर जात असेल, दुसऱ्या दिवशी कप तीन-चार तासांतच भरत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर पुढच्या पाळीची वाट न बघता ते कॅलेंडरचं पान घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हिमोग्लोबिन तिथं होतं. सोनोग्राफी लागली तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतील. रक्तस्राव कमी करायला गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं औषधी साधन आहे, लोह भरून काढता येतं. सोनोग्राफीआधी कुणी ऑपरेशनची तारीख देऊ लागलं तर सही करू नका. कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि कोणी जवळ नसेल तर मला पुन्हा लिहा, आकडे लिहून पाठवा.